स्वतःची किंमत आणि बायबल : तुम्ही कसं वाचता, काय सापडलं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, आतापर्यंत वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी श्रीरामपूरकडचा, ख्रिस्ती घरातला. सध्या पुण्यात राहून एमपीएससीची तयारी चालू आहे. मुख्य परीक्षेपर्यंत पोचतो, मुलाखतीपर्यंतही गेलोय, पण अंतिम यादीत नाव येत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे की काही वर्षांनी प्रश्न परीक्षेचा राहतच नाही, आपण कोणाच्या काही कामाचे आहोत का असा होऊन बसतो. गावी गेलो की "काय साहेब, ऑर्डर कधी?" हे ऐकायला नको म्हणून उपासना सुटायच्या आधीच चर्चमधून बाहेर पडतो.

बायबल घरात आहेच, संडेस्कूलमधली सुवर्णवचनं अजून पाठ आहेत. पण मी खचलोय असं कळलं की नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर वचनांच्या इमेजेस पाठवतात, मागे सूर्योदय आणि वर यिर्मया २९:११, म्हणजे देवाचे तुझ्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग परत तेच. तर विचारायचंय की ज्यांनी खरंच बसून अभ्यास केलाय त्यांना स्वतःच्या किमतीबद्दल काही ठाम हाती लागलं का? कुठला भाग, कसा वाचला? धर्म कुठलाही असो, मनापासून लिहा. धर्मांतराचा वाद मात्र कृपया इथे नको.

बोरमाळ
बाळा, आधी छान लिहिलंस म्हणून शाबासकी. मी नगरची, शाळेत शिकवायचे, आता रिटायर्ड.

माझी सवय अशी की एकच गोष्ट दोन शुभवर्तमानात (म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत) असेल तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचायची. मत्तय १० मधे येशू म्हणतो दोन चिमण्या एका दमडीला विकतात. लूक १२ मधे तोच म्हणतो पाच चिमण्या दोन दमड्यांना. आता हिशेब कर. दोन दमड्यांना चारच यायला पाहिजेत, पाचवी आली कुठून? ती वर घातलेली. बाजारात चारच्या वर एक फुकट टाकतात ना, तशी. आणि लूकमधे त्याच्याच पुढे लिहिलंय की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे जिला भावच नाही तीसुद्धा मोजलेली आहे. आमच्या बाईंनी बायबल क्लासला हे फळ्यावर गणित मांडून दाखवलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, लग्न ठरत नव्हतं आणि घरात त्यावरून रोज काहीतरी बोललं जायचं. त्या दिवशी पाचवी चिमणी माझ्या मनात जी बसली ती आजही आहे.

रानमेवा
पाचवी चिमणी!! इतक्या वेळा वाचलंय पण हिशेब कधी केला नव्हता. वाखूसा (वाचनखूण साठवली).

वसईचा_वारा
बोरमाळ काकू, क्या बात.

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे पूर्वी घरात बायबल असायचं पण वाचणं मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) व्हायचं तेवढंच. आता धर्मग्रामात (पॅरिशमधे) छोटे गट आहेत. आमच्या गटाची पद्धत सांगतो, एकच उतारा घ्यायचा, एकाने सावकाश मोठ्याने वाचायचा, मग शांत बसायचं, मग दुसऱ्याने तोच परत वाचायचा. कुणी प्रवचन द्यायचं नाही. प्रत्येकाने फक्त सांगायचं की आपण त्या गोष्टीत कुठे उभे आहोत. जक्कय या लोकांना नकोशा जकातदाराची गोष्ट (लूक १९) घेतली होती तेव्हा एक काका म्हणाले मी त्या गर्दीत आहे, जक्कयच्या घरी येशू जेवायला गेला म्हणून कुरकुर करणारा. गटात कोणी काही बोललं नाही, पण त्यानंतर ते काका भावाकडे जायला लागले, जमिनीवरून बरीच वर्षं बोलणं बंद होतं.

मराठीत टिपांसकट वाचायचं असेल तर फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघ. भाषा सोपी आहे.

तर्कट
मी ख्रिस्ती नाही, श्रद्धावानही नाही, पण धागाकर्त्याने सगळ्यांना विचारलंय म्हणून लिहितो.

माझी शंका अशी. ज्याला दिलासा हवाय तो कुठल्याही पुस्तकात दिलासा शोधेल आणि त्याला तो मिळेल. त्यात पुस्तकाचं काय कर्तृत्व? आणि ते यिर्मयाचं वचन मी मुद्दाम अख्खं प्रकरण काढून वाचलं. ते एकट्यादुकट्या माणसाला लिहिलेलंच नाही, बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या युद्धकैद्यांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की परत यायला ७० वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण तिथेच मरणार. हे वचन परीक्षेच्या निकालाच्या वेळी पाठवणं म्हणजे फसवणूक वाटते मला.

गोदाकाठ
तर्कट, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर वचनाच्या चिठ्ठ्या काढतात, मला हेच वचन आलं होतं. ७० वर्षांचं कोणी बोललं नाही.

बोरमाळ
तर्कट, तुम्ही प्रकरण काढून वाचलंत याचा फार आनंद झाला. आता एक पान मागे जा, २८ वा अध्याय. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो लोकांना सांगतोय, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने त्या खोट्या दिलाशाला विरोध करून हे पत्र लिहिलं. आणि पत्रात सांगतो काय? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं चिंता. म्हणजे बाबेलात अडकलेले दिवसही खरे दिवस आहेत, ते फुकट गेलेले धरू नका. मला तर हे इमेजवाल्या वचनापेक्षा कितीतरी पटीने जास्त धीर देणारं वाटतं. गोदाकाठ, तुझी पुण्यातली वर्षं निकालाची वाट बघण्यात गेली असं तू धरून चाललायस. त्या वर्षांत तू कोणाला शिकवलंस, कोणाच्या डब्याचे पैसे भरलेस, काय काय वाचलंस, ते कुठे गेलं?

उंबरठा
+१ बोरमाळ. वचन तोडून घेतलं की त्याची ताकदच जाते.

रानमेवा
अवांतर : आमच्या चर्चच्या मंडळीत दर जानेवारीला "एका वर्षात बायबल" सुरू होतं. उत्पत्ती जोरात, निर्गम जोरात, आणि फेब्रुवारीत लेवीय आलं की यज्ञाची चरबी आणि गुरदे आणि कुठला डाग अशुद्ध कुठला शुद्ध यात निम्मी मंडळी गळतात. पाळकसाहेब म्हणतात लेवीय पार केलेल्यांना मी स्वतः चहा पाजीन. चहाचा खर्च अजून तरी बेताचाच आहे.

पाणपोई
रानमेवा, हसले खूप. पण लेवीय सोडू नका हो, त्याच्याशिवाय मार्क ५ समजत नाही.

लेवीय १५ मधे लिहिलंय की रक्तस्राव चालू असलेली बाई अशुद्ध, ती बसेल ते अशुद्ध, तिला शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. आता मार्क ५ उघडा. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई गर्दीत घुसलीये. वैद्यांवर सगळा पैसा गेलाय, गुण तर नाहीच उलट जास्त झालंय. ती मागून येते, फक्त वस्त्राला शिवते, कारण समोर यायचा तिला हक्कच नाही. बरी होते, गुपचूप निघून गेली असती. पण येशू थांबतो आणि मला कोण शिवलं म्हणून विचारतो. शिष्य वैतागतात, एवढी गर्दी अंगावर येतेय आणि हा विचारतोय कोण शिवलं. आणि लक्षात घ्या, तो चाललाय याइराच्या घरी, सभास्थानाचा अधिकारी, त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलीये, एकेक मिनिट महत्त्वाचं. अशा वेळी तो त्या बाईसाठी सगळी मिरवणूक थांबवतो, तिला तिची सगळी हकिगत सांगू देतो आणि सगळ्यांदेखत तिला मुली म्हणतो. एक बाप स्वतःच्या मुलीसाठी शेजारी तळमळत उभा असताना.

मी लहान होते तेव्हा आमच्या घरात "कावळा शिवला" की चार दिवस कोपऱ्यात वेगळी चटई असायची. ख्रिस्ती झालेलं घर, तरी. आईने एकदा हा अध्याय वाचून आजीच्या पुढ्यात पुस्तक ठेवलं. आजीने चष्मा लावून हळूहळू वाचलं. चटई त्यानंतर काही महिन्यांनी गेली, लगेच नाही गेली, पण गेली.

रानमेवा
निःशब्द. आता लेवीय वाचतोच.

मोडी_लिपी
इतिहासातले दोन दाखले देतो, कारण दोन्ही आपल्या मराठी मातीतले आहेत आणि धाग्याच्या विषयाला अगदी धरून आहेत.

पहिले रेव्हरंड टिळक, म्हणजे नारायण वामन. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. कवी माणूस, वाचायला घेतला, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी जे थबकले ते त्यातून सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पण आधी भरपूर अभ्यास, शंका, पत्रव्यवहार. एका वचनाने भारावून झालेलं काम नव्हे ते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ ला त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधे फुलहॅमला नेऊन एक काम दाखवलं, समाजाने "पतित" ठरवलेल्या बायकांसाठीचं. रमाबाईंना धक्काच बसला, कारण अशा बायकांशी कोणी प्रेमाने वागतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल सिस्टरने योहान ४ वाचून दाखवला, शोमरोनी (यहुदी ज्यांना हलकं मानत त्या लोकांतली) बाई आणि येशू विहिरीवर भेटतात तो. रमाबाईंनी स्वतः हे लिहून ठेवलंय. पुढे केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमधे कृपासदन निघालं, तेही अशाच बायकांसाठी. आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल त्यांनी केलं, त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनी केली. १९२२ ला रमाबाई गेल्या, छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं.

पाणपोई
मोडी_लिपी, आमच्या भागातलंच आहे हे. मला तर त्या छापणाऱ्या बायकांचंच जास्त वाटतं. दुष्काळात टाकून दिलेल्या, लहानपणीच विधवा झालेल्या कितीतरी बायका तिथे आल्या होत्या. ज्यांना कोणी अक्षर शिकवलं नसतं त्या छापखान्याचे खिळे जुळवून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत अख्खं पुस्तक छापतात.

तर्कट
हे दाखले उत्तम आहेत, रमाबाईंबद्दल आदरच आहे. पण एक विचारतो. उत्पत्ती १६ मधे हागारेची गोष्ट आहे. गुलाम बाई, मालकिणीच्या छळाने पळून रानात जाते. तिथे देवदूत तिला काय सांगतो? परत जा आणि मालकिणीच्या हाताखाली राहा. यात कसली किंमत आणि कसला दिलासा? छळ होणाऱ्या बाईने हे वाचून काय करायचं?

पाणपोई
तर्कट, योग्य जागी बोट ठेवलंत. मी बायकांच्या कामात आहे, मारहाणीच्या केसेस येतात. ही गोष्ट दाखवून कोणी एखाद्या बाईला परत घरी पाठवत असेल तर मी त्या माणसासमोर उभी राहीन. ते वाक्य कठीण आहे आणि मी ते गोड करून सांगत नाही.

पण पूर्ण वाचा. त्या अध्यायात मालकीण साराय आणि तिचा नवरा अब्राम दोघंही तिचं नाव घेत नाहीत. "माझी दासी", "तुझी दासी", बास. पहिल्यांदा नावाने हाक मारतो तो देवदूत. आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस. एका पळून आलेल्या मिसरी गुलाम बाईला तिची हकिगत विचारली जाते. आणि ती काय करते तर देवालाच नाव देते, मला पाहणारा देव. एका परक्या दासीने देवाला नाव द्यावं आणि ते शास्त्रात राहावं, हे मला पुरतं. आणि २१ व्या अध्यायात ती त्या घरातून बाहेर पडते तेव्हा परत जा म्हणत नाही कोणी, तेव्हा रानात तिच्या लेकराला पाणी मिळतं. दोन्ही अध्याय मिळून एक गोष्ट आहे.

तर्कट
दोन अध्याय मिळून वाचायचा मुद्दा मान्य. पहिल्या वाक्याबद्दल माझी अडचण कायम आहे.

पाणपोई
राहू द्या कायम. माझीही आहे.

नवगावचा_किनारा
शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, मूळ अलिबागकडचा, आता इस्राएलमधे अशदोदला. तुमचा जुना करार तो आमचा तनाख, म्हणून जरा घुसतो.

आमच्या लोकांचं एलियाहू हन्नावीवर (तुमचा एलीया संदेष्टा) फार प्रेम. नवस फेडायचा, घरात काही शुभ असेल तर मलिदा करतात, पोहे गूळ खोबरं फळं, आणि एलियाहूचं नाव घेतात. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण आहे अशी आमची श्रद्धा, सुट्टीत इस्राएलहून आलेली माणसं अजून तिथे जातात. आता हा एवढा मोठा नबी, पण १ राजे १९ वाचा. कर्मेल डोंगरावर बाल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर जिंकून आलेला माणूस एका राणीच्या धमकीने पळतो, रानात झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे, मी काही माझ्या बापजाद्यांपेक्षा चांगला नाही.

देव त्याला लेक्चर देत नाही. झोपू देतो. दूत हलवून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खातो, परत झोपतो. परत उठवतो, खा, वाट तुला झेपायची नाही. आमचा बाप हे वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, बघ, आधी भाकर मग बोलणं. मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा भाषा येत नव्हती, भारतातलं शिक्षण चालेना, हाताला मिळेल ते काम केलं. त्या काळात हा अध्याय माझ्या खिशात असल्यासारखा होता.

उंबरठा
नवगावचा_किनारा, फार मोलाचं लिहिलंत. मी समुपदेशक आहे, त्यामुळे यालाच जोडून बोलते.

एलीयाची अवस्था आपण आज ज्याला नैराश्य म्हणतो त्याच्या खूप जवळची आहे. थकवा, एकटेपणा, मरून जावंसं वाटणं, "मीच एकटा उरलोय" हे परत परत म्हणणं. होरेब डोंगरावर देव त्याला दोनदा तोच प्रश्न विचारतो, तू इथे काय करतोयस, आणि तो दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच उत्तर देतो. वारा, भूकंप, अग्नी, मंद वाणी, एवढं सगळं होऊनही त्याचं उत्तर बदलत नाही. माणूस खचलेला असतो तेव्हा असंच असतं. आणि त्यावर देव त्याला पुढचं काम देतो, सोबतीला अलीशा देतो आणि सांगतो की अजून ७,००० जण शिल्लक आहेत, तू एकटा नाहीस. झोप, जेवण, काम, सोबत. गोदाकाठ, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर बायबल वाचच पण डॉक्टरकडेही जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थना कमी पडली म्हणून असं होतं असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नकोस.

गोदाकाठ
ताई, झोपेचा प्रॉब्लेम आहे थोडा. बाकी ठीक. नंबर सेव्ह केलाय.

वसईचा_वारा
स्तोत्रांबद्दल कोणी लिहिलंच नाही. १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं सगळ्यात जास्त आहेत. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटी आशेची एक ओळही नाही. तेही प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय हे मला महत्त्वाचं वाटतं. बरं वाटत नसताना बरं वाटतंय असं देवासमोर दाखवायची गरज नाही.

भीमथडी
सगळं वाचलं. माझं थोडं वेगळं आहे, कडू वाटलं तर वाटू द्या.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातले, महारवाड्यातले. मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली, वाचायला मिळालेलं पहिलं पुस्तक शुभवर्तमान. ज्या माणसाला गावाच्या विहिरीवर चढता येत नव्हतं त्याने विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. येशू तिच्याकडे पाणी मागतो, जिच्या हातचं पाणी यहुदी पीत नसत तिच्याकडे. आजोबांना ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नाही. म्हातारपणी डोळे गेले तरी तो अध्याय तोंडपाठ म्हणायचे.

पण दुसरी बाजू. जात मंडळीतही (चर्चमधेही) आली. सोयरिकीत आली, कोण कोणाकडे जेवतं त्यात आली. आणि सरकार दरबारी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरला जात नाही. शीख १९५६ ला आले, बौद्ध १९९० ला आले, आम्ही बाहेरच. म्हणजे देवासमोर सगळे समान, पण गावातली वागणूक बदलली नाही आणि कागदावरचा आधार गेला. तेव्हा "बायबलने किंमत दिली" हे मी अर्धवट सोडू देणार नाही. किंमत दिली असेल तर ती पंगतीत आणि खुर्चीत दिसली पाहिजे. याकोबाचं पत्र, अध्याय २ : सोन्याची अंगठीवाला आला की या बसा, गरीब आला की तू तिथे उभा राहा नाहीतर माझ्या पायाशी बस. मी हे चर्चच्या पंचकमिटीच्या मीटिंगमधे उभं राहून वाचलेलं आहे. दोघं उठून गेले. बाकीचे बसले आणि त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या गल्लीतली बाई कमिटीत घेतली. शास्त्राचा अभ्यास मला असा उपयोगी पडतो.

मोडी_लिपी
भीमथडी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कडू नाही, आवश्यक आहे.

बोरमाळ
माझ्या पिढीने हे बोलायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही. तुमच्या आजोबांना नमस्कार.

उसाचा_फड
राहुरीकडचा आहे, शेती. गोदाकाठसाठी एकच अध्याय सांगतो, मत्तय २०, द्राक्षमळ्यातले मजूर.

पहाटे मालक चौकात जाऊन मजूर आणतो, दीनार ठरवून. दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. आणि पाचला परत जातो, काम सुटायला एक तास उरलेला. अजून माणसं उभी. आमच्याकडे मजूर अड्ड्यावर सकाळी हेच असतं, टेम्पो आला की धडधाकट पोरं पटापट चढतात. दहा वाजेपर्यंत जे उरतात त्यात म्हातारे, एखादा हात मोडलेला, कडेवर पोर घेतलेली बाई. डबा आणलेला असतो, खुरपं आणलेलं असतं. संध्याकाळी पाचपर्यंत जो उभा आहे तो घरी गेला नाही हे बघा. गेला असता तर रिकाम्या हाताने जावं लागलं असतं. मालक विचारतो दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आळशी नव्हते, निवडले गेले नव्हते.

आणि मालक त्यांनाही पूर्ण दीनार देतो. आणि पहिल्यांदा त्यांनाच देतो, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत.

तर्कट
पण मग जो दिवसभर उन्हात राबला त्याचं काय? त्याची तक्रार मला रास्त वाटते. एमपीएससीत एका तासाला पूर्ण मार्क दिले तर चालेल का?

उसाचा_फड
त्याला ठरलेला दीनार मिळालाच की, एक पैसा कमी नाही दिला. दुसऱ्याला मिळालं ते खुपलं. आणि परीक्षेत गुणवत्ता यादी लागणारच, लागलीच पाहिजे, त्याला कोण नाही म्हणतंय. पण घरी जाऊन पोरांना भाकर लागते ती सकाळी निवडलेल्यालाही तेवढीच आणि न निवडलेल्यालाही तेवढीच. मालकाने पोट बघून मजुरी दिली. यादीतला नंबर हा कामाचा हिशेब, माणसाचा नाही, एवढंच मला त्यात दिसतं.

तर्कट
हे मांडणं आवडलं. श्रद्धा बाजूला ठेवूनही विचार करण्यासारखं आहे.

गोदाकाठ
मंडळी, उशीर झाला, रूमवर रेंज नव्हती आणि खरं तर सगळं हळूहळू वाचत होतो.

मत्तय २० काल रात्री रूमवर मोठ्याने वाचला. माझ्यासोबत तिघं राहतात, एक लातूरचा, एक चंद्रपूरचा, एक नंदुरबारचा, कोणी ख्रिस्ती नाही. "आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही" इथे लातूरवाला म्हणाला, थांब, परत वाच. मग आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. कोण कोणाला घरी काय सांगतं, कोण फोन उचलत नाही, कोणाच्या बापाने जमीन गहाण टाकलीये. एकत्र राहतो पण हे कधीच बोललो नव्हतो. नंदुरबारवाला आदिवासी आहे, त्याला भीमथडींची पोस्ट वाचायला दिली, तो बराच वेळ मोबाईल घेऊन बसला होता.

माझं म्हणाल तर, यादीत नाव येईल असं मला कुठल्याच अध्यायाने सांगितलेलं नाही आणि त्यामुळेच उलट विश्वास बसतोय. पुढची पूर्व परीक्षा देणार आहे. सोबत अभ्यासिकेत शिकवण्याचं अर्धवेळ काम विचारलंय एकांनी, ते नाही म्हणत होतो, आता घेतोय. रविवारी उपासनेनंतर थांबलो. एका काकांनी विचारलंच, ऑर्डर कधी. म्हटलं अजून नाही काका, शिकवतोय सध्या. ते म्हणाले, आमच्या नातीला गणित अवघड जातंय, घेशील का.

आता आम्ही चौघं शनिवारी संध्याकाळी एक तास वाचणार आहोत. काय घ्यावं? ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी.

बोरमाळ
मार्क घ्या. १६ च अध्याय, सगळ्यात लहान शुभवर्तमान, पळतं. एका वेळी एकच प्रसंग. आणि प्रत्येकाने आधी विचारायचं, यात कोणाकडे कोणी बघत नव्हतं आणि येशूने बघितलं. उत्तरं देण्याची घाई करू नका. त्या तिघांना जे पटणार नाही ते त्यांना मोकळेपणाने म्हणू द्या.

वसईचा_वारा
मार्कला अनुमोदन. आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने परत वाचायचं, ते विसरू नकोस.

रानमेवा
नातीचं गणित जमलं की इथे कळव. लेवीय ११ व्या अध्यायापर्यंत आलोय, उंट, ससा, डुक्कर. पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय.

उंबरठा
ईयोब राहिलाच की. सगळं गमावलेल्या माणसाची गोष्ट, ४२ अध्यायांचं पुस्तक, आणि त्याच्या मित्रांनी त्यात केलेली एकमेव चांगली गोष्ट म्हणजे पहिले सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. नंतर तोंड उघडलं आणि तुझंच काही चुकलं असेल म्हणून सुरू झाले. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि भांडणाऱ्या, तक्रार करणाऱ्या ईयोबाचं बोलणं बरोबर होतं म्हणतो. खचलेल्या माणसाशी आपण काय बोलतो यावर यात खूप आहे, पण इथे मावणार नाही. उद्या वेगळा धागा काढते. तर्कट, तुम्ही तिथेही या, शंका घेऊन.

तर्कट
नक्की. ईयोब आजच वाचायला घेतो.